आभारी आहोत, पुढचे कोण?

न्यू जर्सी राज्यात आठवीपर्यंतच्या मुलाचं घर शाळेपासून दोन मैलांहून लांब असेल, तर त्याला शाळेची बस फुकट मिळते. हायस्कूलच्या पोरांसाठी हीच मर्यादा अडीच मैलांची. कायदा सरळ आहे. वाकडं आहे ते आमचं घर. ते दोन मैलांना जेमतेम एक दशांश कमी पडतं. गल्लीच्या टोकाची चार घरं मात्र दोन मैलांच्या पुढे जातात. त्यामुळे रोज सकाळी पिवळीधमक बस आमच्या दारावरून टोकापर्यंत जाते, तिथली तीन मुलं उचलते, वळते आणि पुन्हा आमच्याच दारावरून शाळेकडे निघते. आमचा धाकटा पाठीला दप्तर लावून तिला दोन्ही वेळा बघतो. चालक भला माणूस आहे. हात करतो.

पूर्वी तीच बस थांबायचीसुद्धा. दोन मैलांच्या आत राहणाऱ्यांनाही, रस्ता धोक्याचा असेल तर, गावाचं स्कूल बोर्ड आपखुशीनं बस देऊ शकतं. तिला इकडे ‘कर्टसी बस’ म्हणतात. आमचा रस्ता धोक्याचा आहे की नाही यावर वाद घालायचं कारण नाही, एकदा चालून बघावं. फूटपाथ नाही. गाड्यांची अधिकृत मर्यादा ताशी ४५ मैल, अनधिकृत मर्यादा नाही. चालणारा माणूस दिसला की गाड्या हळू होतात, पण ते दयेनं नव्हे. याची गाडी कुठे बंद पडली असेल, हे बघण्याच्या कुतूहलानं.

राज्यानं २०१८ साली एक कायदा करून शाळांच्या अनुदानाची वाटणी टप्प्याटप्प्यानं बदलली. त्यात काही गावांची चंगळ झाली, काहींची ओढाताण. आम्ही ओढाताणवाले. अंदाजपत्रक बसेना तेव्हा बोर्डानं चौथीच्या मुलांचं व्हायोलिन, एक ग्रंथपाल आणि सगळ्या कर्टसी बस उडवून टाकल्या. आपखुशीनं दिलेली वस्तू कुणी आपखुशीनं काढून घेतली तर बोलायला जागा नसते, असं माझं मत होतं. ते बायकोनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं नाही.

“मराठी मंडळात माईक हातात आला की सोडत नाहीस,” ती म्हणाली. “मग बोर्डात जाऊन बोल की.”

बोर्ड म्हणजे नऊ माणसं. लोकांनी निवडून दिलेली, मुदत तीन वर्षं, पगार शून्य. राज्यात अशी सहाशेच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. पुण्यात जशी दर गल्लीला गणपती मंडळं, तसा प्रकार. फरक इतकाच की ही मंडळं वर्गणी मागायला दारात येत नाहीत, ती घरपट्टीतून परस्पर कापून घेतात. इथली घरपट्टी अख्ख्या अमेरिकेत सगळ्यांत जड. सरासरी घराला वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर, आणि राज्यभराचा हिशेब केला तर त्यातला निम्म्याहून जास्त पैसा शाळांकडे जातो. म्हणजे धाकटा बघतो ती बस माझ्याच पैशानं धावते. फक्त त्याला टाकून.

बोलायची सोय मात्र उत्तम आहे. १९७५ सालच्या ‘ओपन पब्लिक मीटिंग्ज’ कायद्याला इकडे लाडानं ‘सनशाइन लॉ’ म्हणतात. त्याप्रमाणे बोर्डाच्या सभा उघड्यावर व्हायला हव्यात, ४८ तास आधी सूचना लागायला हवी आणि प्रत्येक सभेत नागरिकांना बोलण्यासाठी वेळ राखून ठेवायला हवा. किती वेळ, हे बोर्डानं ठरवायचं. आमच्या बोर्डानं ठरवलं, माणशी तीन मिनिटं.

तीन मिनिटांत मराठी माणूस व्यासपीठावरच्या मान्यवरांमधून जेमतेम बाहेर पडतो. माझ्या पहिल्या मसुद्यात सन्माननीय अध्यक्ष होते, सन्माननीय सदस्य होते, शिक्षण अधीक्षकांच्या व्यग्र दिनक्रमाबद्दल सहानुभूती होती, आणि मग महात्मा फुले होते. फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगाला निवेदन दिलं होतं, की प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. शिक्षणाच्या बाबतीत नागरिकानं सरकारला केलेल्या सूचनांमध्ये त्याहून मोठी सूचना मला तरी माहीत नाही. बस माझ्या भाषणात सहाव्या मिनिटाला येत होती.

बायको सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा तिला पगार मिळतो. घरी तेच काम विनामूल्य. तिनं मोबाइलवर वेळ लावला. “‘सन्माननीय’ काढ. दोनदा आहे, चार सेकंद. अधीक्षकांचा दिनक्रम काढ. फुले काढ.”

“फुले काढू?”

“त्यांनी निवेदन लेखी दिलं होतं ना? मग.”

यावर उत्तर नव्हतं. मग आणखी एक अडचण निघाली. बोलण्याआधी नाव आणि पत्ता सांगावा लागतो, आणि घड्याळ तिथपासूनच सुरू होतं. आमचं आडनाव घाटावरच्या एका लांबलचक नावाच्या गावावरून पडलेलं, त्यात मध्ये ‘ळ’ आणि शेवटी ‘कर’. त्याचं स्पेलिंग सांगायला पंधरा सेकंदं, सचिवबाईंनी ते चुकीचं परत वाचून दाखवायला दहा, आणि ‘नाही, एलनंतर ए’ म्हणायला आणखी पाच. अर्धं मिनिट पूर्वजांना गेलं. बसला अडीच उरली.

सभा प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयात होती. ज्याचा ग्रंथपाल कापला त्याच. बसायला दुसरीच्या मुलांच्या खुर्च्या. गुडघे कानाशी घेऊन बसलेले चाळीस-पन्नास करदाते समोरच्या लांब टेबलामागच्या नऊ जणांकडे खालून वर बघत होते. आधी कायद्याप्रमाणे सूचना दिल्याचं निवेदन वाचलं गेलं. मग झेंड्याला सामुदायिक वंदन. मग तलवारबाजीच्या संघाचा सत्कार, प्रत्येक मुलाबरोबर वेगळा फोटो, मग प्रशिक्षकाबरोबर, मग आजी-आजोबांबरोबर. मुलांच्या सत्काराला नाक मुरडणं शोभत नाही, म्हणून मी प्रत्येक वेळी टाळ्या वाजवल्या. फोटो संपताच सत्कारमूर्तींची घरंच्या घरं उठून गेली आणि खोलीत फक्त तक्रारी उरल्या.

नागरिकांना बोलायची संधी दोनदा असते. पहिल्या खेपेला फक्त त्या दिवशीच्या कार्यक्रमपत्रिकेवरच्या विषयांवर. मी माईकपाशी जाऊन पूर्वजांचं स्पेलिंग सांगितलं, ‘बस’ म्हटलं, आणि अध्यक्षीण बाई गोड हसून म्हणाल्या, “वाहतूक आज पत्रिकेवर नाही. आपण दुसऱ्या खेपेला या.” दुसरी खेप सभेच्या शेवटी. मध्ये अधीक्षकांचं स्लाइडांसह सादरीकरण झालं, त्यानंतर सबंध बोर्ड उठून बंद दाराआड गेलं. त्याला ‘एक्झिक्युटिव्ह सेशन’ म्हणतात. सनशाइन कायद्यानंच ही सावलीची जागा राखून ठेवली आहे. कोर्टकचेऱ्या, नोकरभरती, वाटाघाटी, सगळं तिथं. आम्ही बाहेर दुसरीची पुस्तकं चाळत बसलो. मी एका बेडकाची गोष्ट पूर्ण वाचली. चांगली होती.

रात्री साडेदहानंतर माझा नंबर आला. टेबलावर छोटा दिवा असतो: हिरवा, मग पिवळा, मग लाल. पिवळा लागला की माणूस दुप्पट वेगानं बोलतो आणि निम्मं कळतं. मी बोललो. फूटपाथ सांगितला, ४५ मैल सांगितले, बस दारावरून दोनदा जाते हे सांगितलं. बोलताना नऊ चेहरे बघत होतो. एक बाई पिशवीतून मोजून बदाम खात होत्या. एक गृहस्थ लॅपटॉपच्या उजेडात निळे दिसत होते. आणि कडेला एक जण होते, जे माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. इतकी समंजस, इतकी गंभीर, इतकी मनापासूनची मान मी सवाई गंधर्वच्या पहिल्या रांगेतसुद्धा पाहिलेली नाही. माझा उत्साह वाढला. शेवटचं वाक्य मी त्यांच्याकडेच बघून म्हटलं. लाल दिवा लागला.

“आभारी आहोत,” अध्यक्षीण बाई म्हणाल्या. “पुढचे कोण?”

पुढच्या बाईंनी सांगितलं की कर्टसी बसवर करदात्यांचा पैसा उधळण्याचं काही कारण नाही. त्या लहानपणी बर्फातून चालत गेल्या होत्या. कडेच्या गृहस्थांनी त्यांच्याही प्रत्येक वाक्याला मान डोलावली.

उत्तर येईल म्हणून मी थांबलो होतो. शेजारी बसलेल्या एका वृद्ध गोऱ्या गृहस्थांनी मला हळूच छापील नियम दाखवला: नागरिकांच्या मनोगतावर बोर्ड सभेत चर्चा करणार नाही किंवा उत्तर देणार नाही. कोपऱ्यात बोर्डाचा वकील बसला होता. हा नियम मोडू नये यावर त्याचं लक्ष असतं. तो तासावर पैसे घेतो, आणि सभा लांबली की फायदा होणारा त्या खोलीतला तो एकटाच माणूस.

महिन्याभरानं इतिवृत्त प्रसिद्ध झालं. माझं मनोगत त्यात असं उतरलं होतं: एका रहिवाशाने वाहतुकीविषयी मत मांडले. स्पेलिंग एवढं घासून सांगितलेलं नाव कुठेच नव्हतं.

त्या वृद्ध गृहस्थांशी मग माझी ओळख वाढली. त्यांची नातवंडंसुद्धा आता शाळेत नाहीत. ती मोठी होऊन फ्लोरिडाला गेली. हे दर सभेला येतात आणि खर्च कमी करा म्हणून सांगतात. “पूर्वी मी इथं येत नव्हतो,” ते एकदा म्हणाले. “गरजच नव्हती. दर एप्रिलमध्ये शाळेच्या अंदाजपत्रकावर लोकांचं मतदान व्हायचं. मी जाऊन ‘नाही’ म्हणून यायचो आणि वर्षभर शांत झोपायचो.” हे खरं आहे. २०१२ साली कायदा बदलला: बोर्डाच्या निवडणुका नोव्हेंबरच्या मोठ्या निवडणुकीबरोबर घ्या, करवाढ दोन टक्क्यांच्या मर्यादेत ठेवा, मग अंदाजपत्रक लोकांपुढे न्यायची गरज नाही. बहुतेक डिस्ट्रिक्टांनी ही सोय आनंदानं पत्करली. लोकांचं ‘नाही’ गेलं, बदल्यात तीन मिनिटं राहिली. आजोबांना माझी बस अजिबात मान्य नाही. “तुमची बस उधळपट्टीच आहे,” ते मला प्रत्येक वेळी प्रेमानं सांगतात, “पण तुम्ही बोललंच पाहिजे. माझी मिनिटं तुम्हाला देता आली असती तर दिली असती.” देता येत नाहीत. तोही नियम आहे.

नियमांवरून आठवलं. या सभा ज्या पुस्तकाप्रमाणे चालतात ते हेन्री रॉबर्ट नावाच्या लष्करी इंजिनिअरचं. १८६३ साली त्याला न्यू बेडफर्ड गावात चर्चमधल्या एका सभेचं अध्यक्षपद अचानक दिलं गेलं, सभा हाताबाहेर गेली आणि हा खजील झाला. पुढे १८७६ मध्ये त्यानं सभाशास्त्राचं पुस्तकच काढलं. त्या एका संध्याकाळची नाचक्की आम्ही दीडशे वर्षं फेडतो आहोत.

आणि या शास्त्रातली सगळ्यांत पोहोचलेली युक्ती म्हणजे ‘कन्सेंट अजेंडा’. किरकोळ, वादातीत विषय एकत्र बांधायचे आणि चर्चेशिवाय एकाच मतदानात मंजूर करायचे. कल्पना चांगली. पण किरकोळ कशाला म्हणायचं हे ज्यानं गाठोडं बांधायचं तोच ठरवतो. एका सभेत मी दुसऱ्या खेपेची वाट बघत बेडूक-मालिकेचा पुढचा भाग वाचत बसलो असताना बोर्डानं हात वर करून काहीतरी मंजूर केलं. घरी येऊन शेकडो पानांची पत्रिका उलगडली तेव्हा कळलं, की मैदानावरचं गवत कापायचं कंत्राट, सातवीची मत्स्यालयाची सहल आणि एका शिक्षिकेची प्रसूतिरजा यांच्याबरोबर कलम ४-एफ म्हणून पुढल्या वर्षाचा वाहतूक आराखडा होता. ज्या एका दिवशी बस पत्रिकेवर होती आणि मला पहिल्या खेपेत बोलता आलं असतं, त्या दिवशी ती गवताखाली होती.

शाळेच्या व्हरांड्यात नॉर्मन रॉकवेलच्या ‘फ्रीडम ऑफ स्पीच’ या चित्राची प्रत टांगली आहे. १९४३ सालचं चित्र. कामाचा मळका कोट घातलेला एक माणूस सभेत उभा राहून बोलतो आहे, आजूबाजूचे टायवाले मान वर करून त्याच्याकडे बघताहेत. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हमखास असतं. ते रॉकवेलला सुचलं व्हरमाँटमधल्या आर्लिंग्टन गावात, जिथं तो राहत होता. गावची शाळा जळाली होती, नवी बांधायचा प्रस्ताव होता, आणि त्याचा एक शेजारी उभा राहून सगळ्यांच्या विरुद्ध एकटाच म्हणाला की हा खर्च नको. लोकांना ते पटलं नाही, पण त्यांनी ऐकून घेतलं. थोडक्यात, अमेरिकन भाषणस्वातंत्र्याची जगप्रसिद्ध तसबीर ही आमच्या आजोबांचीच आहे.

मी सभेच्या मध्यंतरात ते चित्र अनेकदा न्याहाळलं आहे. दिवा नाही, हे पटकन लक्षात येतं. दुसरी गोष्ट उशिरा लक्षात येते: ऐकणारे सगळे त्याच्या बरोबरीचे आहेत, त्याच्याच बाकांवर बसलेत. न्यू इंग्लंडच्या त्या गावसभेत मतदान गावकरीच करतात. शेजाऱ्याचं मत आपल्याकडे वळवायचं असतं, शेजाऱ्यालाही थोड्या वेळानं हात वर करायचा असतो, म्हणून बोलणारा नीट बोलतो आणि ऐकणारा मान वर करतो. आमच्याकडे ज्यांना हात वर करायचाय ते टेबलापलीकडे, आणि बोलायचंय ते दुसरीच्या खुर्च्यांवर.

धाकट्याची थोरली बहीण हायस्कूलमध्ये वादविवाद करते. तिनं एक दिवस जेवताना सुनावलं, की बाबा, बोर्डानं तुमचं ऐकलंच पाहिजे असं राज्यघटनेत कुठेही नाही. मी म्हटलं, काहीतरीच. तिनं खटला काढून दाखवला. मिनेसोटातल्या कम्युनिटी कॉलेजांचं बोर्ड विरुद्ध नाइट, १९८४. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यात स्वच्छ म्हटलं आहे की बोलण्याचा आणि गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क नागरिकाला आहे, पण धोरण ठरवणाऱ्यांनी ते ऐकावं किंवा त्याला उत्तर द्यावं असं बंधन पहिल्या घटनादुरुस्तीत नाही. मी घास तसाच धरून बसलो. म्हणजे बदाम खाणाऱ्या बाई घटनेच्या चौकटीत होत्या. उलट मान डोलावणारे गृहस्थ घटनेला अपेक्षित होतं त्यापेक्षा जास्तच करत होते.

“मग फुल्यांचं काय झालं?” हिनं विचारलं. तिला ते काढायला लावल्याची थोडी टोचणी असावी.

फुल्यांचं असं झालं, की आयोगानं निवेदन घेतलं. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा देशव्यापी कायदा व्हायला २००९ साल उजाडलं. १२७ वर्षं. मी धाकट्याकडे बघितलं. तो सहावीत आहे.

त्याच २००९ च्या कायद्यानं माझा चुलतभाऊ तात्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष झाला आहे. कायद्याप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या बायका हव्यात. कागदावर तशा आहेत. रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. त्याची तेव्हा संध्याकाळ असते आणि तो निवांत असतो.

“तीन मिन्टं?” तो म्हणाला. “दादा, तीन मिन्टांत आमच्यात गुर्जींचा चष्मा सुदिक सापडत न्हाई.”

“तुमच्याकडे किती वेळ देतात?”

“आमच्यात बैठकच व्हत न्हाई, मग वेळ कुठला मोजतोस? म्हैना संपला की शिपाईमामा प्रोसिडिंगची वही घेऊन घरोघर फिरतो. सही करायची. काय ठरलं ते वाचून आपल्यालाच नवल वाटतं.”

मला बरं वाटलं, हे लपवत नाही. आमच्याकडे निदान सभा तरी होते. पण तात्याचं बोलणं संपलं नव्हतं. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नव्हतं. ठरावावर ठराव वहीत पडत होते, सर्वानुमते, सूचक-अनुमोदकासह. शेवटी समितीतल्या ज्या बायका कागदावर होत्या, त्या एका सकाळी खरोखरच शाळेत आल्या. मुख्याध्यापकांच्या खोलीत सतरंजी घालून बसल्या. कुणी भाषण केलं नाही. एकीनं शेंगा आणल्या होत्या, त्या फोडत बसल्या. गुरुजींनी चहा मागवला तर म्हणाल्या, चहाचं पाणी कुठनं आणणार? दुपारपर्यंत प्लंबर आला.

“आणि त्यो हिंदीचा जीआर बघितलास न्हवं?” तात्या म्हणाला. “१६ एप्रिलला काढला. पयलीपास्नं हिंदी. २९ जूनला मागं घेतला. कुनी तिथं तीन मिन्टाची चिठ्ठी भरली व्हती व्हय रं?”

२०२५ सालची ती हकिगत मी दुरून वाचली होती. पण शेंगांचं डोक्यातून जाईना. बोर्डाच्या सभेत शेंगा फोडण्याविरुद्ध छापील नियम नाही, मी तपासलं. बदामाला चालतं तर शेंगेला चालायला हवं. पण ही म्हणाली की इकडे शेंगदाण्याची ॲलर्जी हा इतका गंभीर विषय आहे की बसपेक्षा आधी तुझाच बंदोबस्त होईल.

मग आम्ही आपला माणूस निवडून आणायचं ठरवलं. आमच्या गल्लीत एक तेलुगू गृहस्थ आहेत, ज्यांना सगळे नुसतं ‘गारू’ म्हणतात. माईकवर आमच्यापैकी सर्वांत तडफदार तेच. पिवळा दिवा लागला की यांचा आवाज चढायचा आणि लाल लागल्यावर वाक्य पूर्ण करूनच खाली बसायचे. आम्ही पत्रकं वाटली, लॉनवर पाट्या रोवल्या, हिनं त्यांच्या पत्रकातल्या चुका काढल्या, आजोबांनी “बसच्या बाबतीत तुम्ही चूक आहात” असं सांगून त्यांना मत दिलं. गारू निवडून आले. जानेवारीच्या सभेत ते टेबलाच्या पलीकडे बसले, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या.

नव्या सदस्यांना इथं सक्तीचं प्रशिक्षण असतं, आचारसंहितेसह. त्यात असं आहे की तक्रार आली तर सदस्यानं ती अधीक्षकांकडे पाठवावी, आणि प्रशासनाकडून तोडगा निघाला नाही तरच सभेत हात घालावा. एकट्या सदस्याला एकट्यानं कसलाही अधिकार नाही. हे सगळं योग्यच आहे. पण मी माईकपाशी जाऊन “गारू” म्हणून सुरुवात केली तेव्हा त्यांनी माझ्याकडे ओळख नसल्यासारखं बघितलं आणि वकिलाकडे ओळख असल्यासारखं. माझ्या तिसऱ्या वाक्याला त्यांची मान हलली. चौथ्या वाक्याला पुन्हा. कडेच्या गृहस्थांची मान आणि त्यांची मान आता एका तालात होती. नंतर पार्किंगमध्ये ते मला म्हणाले, “तुमची तक्रार मी अधीक्षकांकडे पाठवली आहे.” आवाज चढला नव्हता.

त्या तक्रारीतून निदान एक गोष्ट उलगडली. मी गाडीचा काटा लावून मोजलं तर घर ते शाळेचं मुख्य दार दोन मैलांच्या किंचित पुढेच भरत होतं. वाहतूक विभागाचं उत्तर आलं: नियमाप्रमाणे अंतर घराच्या रस्त्याकडच्या दारापासून शाळेच्या सर्वांत जवळच्या सार्वजनिक प्रवेशद्वारापर्यंत, सर्वांत जवळच्या रस्त्यानं मोजतात, आणि सर्वांत जवळचं प्रवेशद्वार मैदानामागचं आहे. मी धाकट्याला घेऊन बघायला गेलो. मैदानामागे जाळीचं फाटक होतं, त्याला साखळी, साखळीला कुलूप आणि कुलपाला गंज. त्या दारातून शाळेत मुलं जात नाहीत. फक्त अंतर जातं.

हे मात्र मी तीन मिनिटांत, आडनावासकट, चोख मांडलं. फाटकाचा फोटोही उंच धरला. खोलीत हशा पिकला, बदाम खाणाऱ्या बाईंनी खाणं थांबवलं, निळे गृहस्थ लॅपटॉपवरून वर बघते झाले. लाल दिवा लागल्यावरही क्षणभर ‘पुढचे कोण’ आलं नाही. आणि पहिल्यांदाच माझ्या सूचनेची दखल घेतली गेली, तीही दोन आठवड्यांत. फाटकावर नवी कोरी पाटी लागली: सार्वजनिक प्रवेशद्वार. कुलूप होतं तिथंच आहे. पाटी चांगली ठळक आहे, रात्री गाडीच्या दिव्यात चमकते.

त्यानंतर माईकपाशी गर्दी वाढली. चौथीच्या पालकांनी व्हायोलिनचं काढलं, ग्रंथालयाचं निघालं, अकरावीतल्या एका मुलीनं बसच्या वेळांवर तक्ता करून आणला. सभा मध्यरात्रीपर्यंत जाऊ लागल्या. नागरिकांचा सहभाग इतका वाढल्याबद्दल बोर्डानं समाधान व्यक्त केलं आणि ठराव मांडला, की अधिकाधिक नागरिकांना संधी मिळावी म्हणून वेळ माणशी तीनऐवजी दोन मिनिटं करावी. या ठरावावर नागरिकांची मतं मागवण्यात आली. माणशी तीन मिनिटं.

सगळे विरुद्ध बोलले. मी बोललो, व्हायोलिनवाल्या बोलल्या, अकरावीची मुलगी तर असं बोलली की मी लाल दिव्याकडे रागानं बघितलं. आजोबा शेवटी उठले. आयुष्यात पहिल्यांदाच ते म्हणाले की वेळ हा एकच खर्च असा आहे जो या बोर्डानं वाढवावा. कडेचे गृहस्थ प्रत्येकाला मान डोलावत होते. मग हात वर झाले. ठरावाच्या बाजूनं आठ, तटस्थ एक. तटस्थ गारू होते. कडेच्या गृहस्थांनी हात वर करतानाही मान डोलावली.

घरी आल्यावर हिनं माझा कागद पुढ्यात ओढला आणि मोबाइलवर वेळ लावला.

“पत्ता पूर्ण सांगायला नको. नुसतं गावाचं नाव पुरतं, मी सचिवबाईंना विचारून घेतलंय. फूटपाथ एका वाक्यात. फाटक ठेव. फुले मी परत घातलेत, पण फक्त १२७ हा आकडा.”

“आणि आडनाव? त्यातच अर्धं मिनिट जातं.”

“नाही जात,” ती म्हणाली. “पुढच्या महिन्यापासून मी बोलणार आहे. माझं माहेरचं दोन अक्षरी आहे.”